वहिनी जंगलात गेली नव्हती

राजुऱ्याच्या घरी मी सकाळचे तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा चिंचटोल्याहून किसनाचा फोन आला. किसना म्हणजे माझ्या भावाचा शेजारी. एरवी तो फोनवर आधी पाऊसपाणी विचारतो, मग तळ्याची हालहवाल सांगतो आणि कामाचं शेवटी बोलतो. त्या दिवशी तो एकच वाक्य बोलला, ‘बाई, तुमी निघा.’ मी विचारलं, ‘भाऊले काही झालं का?’ माहेरचा फोन आला की माझीही जीभ आपोआप माहेरची होते. तो म्हणाला, ‘भाऊ हायेत. यशोदाबाई... लाईनवर सापडल्या.’ यशोदा म्हणजे माझी वहिनी. सापडल्या हा शब्द मला कळलाच नाही. हरवल्या कधी होत्या, असं मी विचारत राहिले आणि तो पलीकडे रडत राहिला. सुपातले तांदूळ तसेच टाकून मी निघाले. सावली गावाला बस बदलेपर्यंत मी स्वतःला समजावत होते की पाय मोडला असेल, चक्कर आली असेल. वहिनीच्या बाबतीत त्याहून वाईट काही मनात यायला जागाच नव्हती, इतकी ती दणकट बाई होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. ‘जंगलात गेलेली महिला वाघाच्या हल्ल्यात ठार.’ दोन ओळी. नावातही चूक. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण ती पहिली ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. मी हे लिहायला बसले ती दुःखाइतकीच त्या ओळीच्या रागानं. माझी वहिनी जंगलात गेली नव्हती. मोहं वेचायला नाही, सरपणाला नाही, तेंदूपत्त्यालाही नाही. ती लाईननं लेकीकडे निघाली होती. आमच्या भागातल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते.

आमच्या चिंचटोल्यावरून रेल्वेची एक लहान लाईन जायची. मोठ्या लाईनीवरच्या जंक्शनला ती फुटायची, धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, आमच्या गावी यायची आणि पुढे जंगलात शिरून जांभळीला संपायची. जांभळीला सागवानाचा डेपो होता. गोऱ्या साहेबांच्या राज्यात जंगलातलं लाकूड आणि बांबू बाहेर काढायला ती टाकलेली. माणसं त्यांच्या हिशोबात नव्हतीच, ती नंतर बसली. लाकडाच्या वाघिणींना, म्हणजे मालडब्यांना, मागे दोन-तीन डबे जोडले गेले आणि आजूबाजूच्या गावांचं सगळं येणंजाणं त्यावर सुरू झालं. गाडी इतकी हळू जायची की पोरं उतरून बोरं वेचून परत चढायची. पण ती रोज जायची. आणि ती रोज जायची म्हणून लाईन साफ असायची. गँगवाले दोन्ही बाजूंचा झाडोरा कापत राहायचे, जंगलाच्या टप्प्यात ड्रायव्हर शिटी दाबूनच धरायचा, इंजिनाच्या धडधडीनं सांबरसुद्धा दूर पळायचं. बाया शेतावर, बाजारात, सोयरीकीला पटरीपटरीनं पायी जायच्या. लहानपणी आम्हाला सगळ्यांनी एकच शिकवलं होतं, जंगलच्या पायवाटेनं जाऊ नका, लाईननं या. लाईनवर वाघ येत नाई. ती काही अंधश्रद्धा नव्हती. खरंच येत नव्हता.

वहिनी आमच्या घरात आली तीही याच गाडीनं. मी तेव्हा शाळेत होते. आम्ही ढिवर, तळ्यावर आणि नदीवर जगणारी माणसं. वहिनीचं माहेर जंक्शनच्या पलीकडे वैनगंगेच्या काठचं. वरात गाडीत बसली, वाजंत्री दाराशी उभे राहून वाजवत आले आणि चिंचटोल्याच्या फलाटावर नवरी उतरली ती चक्क हसत. आमच्याकडे नवरीनं उतरताना रडावं अशी अपेक्षा असते. माझ्या मावशीनं तिथेच तोंड वाकडं केलं. वहिनी माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘मी घरीच रडून आली. इथी कायले पुन्हा?’ त्या क्षणापासून ती मला आवडली. पुढे मी डी.एड. करून मास्तरीण झाले, तर ती मला ‘मास्तरीणबाई’ म्हणून चिडवायची. मी सुट्टीत गेले की मोठी पातेली माझ्यापुढे सरकवून म्हणायची, ‘पोट्ट्याईले शिकवता ना, आता हे गंज कसे घासाचे ते मले शिकवा.’ आम्ही नणंद-भावजय भांडलोही भरपूर. तिचा आवाज मोठा होता, माझी जीभ धारदार आहे, आणि भाऊ दोघींच्या मधून गुपचूप जाळं उचलून तळ्याकडे सटकायचा.

मासे विकायचं काम तिचं. भाऊ पहाटे जाळं ओढायचा, वहिनी मासळीची टोपली घेऊन गाडीत बसायची, जंक्शनच्या बाजारात विकायची आणि परतीच्या गाडीनं घरी. आमच्या आठ-दहा बायांचा शेवटच्या डब्यात अड्डा असायचा. मेलेली मासळी टोपलीत आणि जिवंत मरळ जर्मनच्या गंजात, पाण्यासकट. गंज म्हणजे ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं. मरळीचं असं असतं की ती पाण्यात राहते, पण मधून मधून वर येऊन तोंड काढून हवा घेते. म्हणून गंजावर झाकण घालायचं नाही, फक्त पातळ फडकं बांधायचं. गार्डाला हे माहीत होतं, पाणी सांडलं तर तो शिव्या घालायचा पण झाकण लाव म्हणायचा नाही. एकदा त्यातली तुळसाबाई मागे राहिली होती, बांधावरून धापा टाकत पळत येत होती, आणि गाडीनं शिटी दिली. वहिनी टोपली घेऊन सरळ डब्याच्या पायरीवर बसली. एक पाय खाली फलाटावर. गार्ड ओरडला, ‘ए बाई, पाय घे आत.’ ही म्हणाली, ‘पायात गोळा आला, साहेब. हलूनच नाई राह्यला.’ तुळसाबाई डब्यात चढली आणि हिच्या पायातला गोळा गेला. सगळा डबा हसला, गार्डही हसला. तो डबा, ती ओली फळी, तो मासळीचा वास... मी शाळेतल्या पोरांना आगगाडीवर निबंध लिहायला सांगते तेव्हा मला तोच वास येतो.

वहिनीला मूल उशिरा झालं, बऱ्याच नवससायासानंतर. एकटीच लेक, रेखा. रेखाला स्थळं बघायला लागले तेव्हा सावलीचं एक चांगलं घर आलं होतं, मुलगा दुकानदार. दुसरं जांभळीचं, मुलगा धानाची थोडी शेती करणारा, स्वभावानं गरीब. मी सावलीच्या बाजूनं होते. वहिनीनं जांभळी पकडली. तिचं म्हणणं सरळ होतं. ‘सावलीले जावाचं तर मोटार पाहा, वाट पाहा. जांभळीले काय, गाडीत बसलं की लेकीच्या दारात. सकाळी जाईन, भाकर खाईन, संध्याकाळी घरी.’ जांभळीचं स्टेशन आणि रेखाचं सासर यांच्यात खरोखरच हाकेचं अंतर होतं. असं गाडीच्या भरवशावर रेखाचं लग्न झालं. माहेर आणि सासर एकाच लाईनीवर, याचा वहिनीला कोण आनंद! पहिलं वर्षभर ती दर आठवड्याला जायची. जावई हसत म्हणायचे, ‘मामी, तुमी इथीच राहा ना, तिकिटाचा त्रास कायले?’

मग लाईन बंद झाली. लाकडाचा डेपो आधीच आटला होता, बांबू ट्रकनं जायला लागला होता आणि रिकामे डबे ओढायची कोणाला हौस नव्हती. शेवटच्या गाडीला कोणी हार घातला नाही, कारण ती शेवटची आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. स्टेशनवर पाटी लागली, ‘काही काळासाठी बंद.’ मोठी लाईन होणार, मोठी गाडी येणार, असं ऐकलं. मोजणीवाले आले, दगड रोवून गेले. वहिनी पुढचे कित्येक दिवस वेळ झाली की टोपली घेऊन फलाटावर जायची आणि परत यायची. मग बायांनी मिळून निवेदन दिलं. वहिनी त्यात पुढे होती. साहेब चांगले बोलले, चहा पाजला, येईल येईल म्हणाले. ती घरी येऊन मला फोनवर म्हणाली, ‘मास्तरीणबाई, साहेब खोटं कायले बोलन? त्याले का मिळते त्यात?’

काही वर्षांनी पटऱ्या उचलल्या. ठेकेदाराची माणसं आली, कापत कापत गेली, ट्रक भरून लोखंड नेलं. गावातले म्हातारे बघायला उभे होते. मी दिवाळीला गेले होते तेव्हा मागची परसबाग ओलांडून आम्ही दोघी भरावावर चढलो. खडी होती, पटरी नव्हती. मला भडभडून आलं. वहिनी मात्र कमरेवर हात ठेवून जांभळीच्या दिशेनं बघत होती. म्हणाली, ‘पटरी नेली. वाट थोडी नेली?’ मला तेव्हा ते वाक्य फार मोठं वाटलं. शाळेत स्टाफरूममध्ये मी ते सांगितलंसुद्धा, आमची वहिनी कशी खमकी आहे म्हणून. आज ते वाक्य मला कोणाला सांगवत नाही.

कारण वाट खरंच राहिली होती. दोन्ही बाजूंना चिखलाच्या बांध्या, ओढे, घाणेरीचं रान, आणि मधून हा उंच, कोरडा, सपाट भराव सरळ जांभळीपर्यंत. पण आता झाडोरा कापायला कोणी नव्हतं. शिटी नव्हती. पहिल्या वर्षी तरोटा उगवला, मग घाणेरी चढली, मग पळसाची रोपं, मग दोन्हीकडून जंगल हळूहळू भरावाला येऊन टेकलं. मधली थांब्याची स्टेशनं ओस पडली, छपरं गेली, फलाटाचे ओटे राहिले. माणसाला जी वाट सोयीची, ती जनावरालाही सोयीची. चिखलात पाय कोण घालणार, वाघ झाला म्हणून काय झालं? हे आता सगळेच सांगतात. पण गावाच्या तोंडी बसलेलं वाक्य तसंच राहिलं होतं. गाडी जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आया पोरींना सांगतच होत्या, जंगलानं जाऊ नको, लाईननं जा. ज्या गाडीमुळे ते वाक्य खरं होतं ती गाडी गेली, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. तिथून येणारीजाणारी माणसं सुखरूप पोचत होती तोवर ते खरंच वाटत होतं.

रेखालाही आईसारखंच उशिरा दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून बजावलं. जांभळीहून आमच्या गावी रस्त्यानं यायचं तर उलटं तालुक्याला जायचं, तिथून दुसरी गाडी, मग तिसरी काळीपिवळी जीप. सगळा दिवस आणि खड्डे. त्यामुळे बाळंतपण तिकडेच झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. वहिनी आनंदानं वेडी व्हायची राहिली होती. आता आमच्याकडे एक रीत आहे. बाळंतिणीच्या तोंडी माहेरच्या तळ्यातली मरळ पडली पाहिजे. ती विकत घेतलेली चालत नाही आणि मेलेली तर नाहीच. आईनं ती जिवंत नेऊन लेकीच्या उंबऱ्याच्या आत ठेवायची, मग ती रांधायची. त्यानं अंगावर दूध येतं म्हणतात. दूध येतं की नाही मला माहीत नाही, पण मला स्वतःला माझ्या आईनं अशीच मरळ राजुऱ्याला आणून घातली होती आणि ती खाताना मी ढसढसा रडले होते, एवढं आठवतं.

वहिनी आधी रस्त्यानंच गेली. हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण लोक म्हणतात बाईला अक्कल नव्हती. भाऊनं तळ्यातून मरळ काढून दिली, तिनं गंजात घातली, फडकं बांधलं आणि गंज मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली. ऐन धानाच्या रोवणीचे दिवस, पावसानं रस्त्याची दैना. जीप उसळली की पाणी सांडायचं. माणसं कुरकुरली. ड्रायव्हरनं गंज तिच्या मांडीवरून काढला, वर घट्ट झाकण दाबलं आणि मागे सामानात ठेवून दिला. ती सांगत राहिली, ‘बापा, झाकण नोको लावू, ते मरते,’ पण पावसात, गर्दीत कोण ऐकतो! तालुक्याला उतरून झाकण काढलं तर मरळ पांढरं पोट वर करून तरंगत होती. वहिनी तशीच पुढे लेकीकडे गेली, नातीला मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परत आली. मला फोन केला तेव्हा आवाज बसलेला होता. ‘बाई, मेलेली मरळ घेऊन गेली मी लेकीच्या दारी. बाहेरच टाकली नालीत. तिच्या सासूनं पाह्यलं, काही बोलली नाई. पण पाह्यलं ना...’ मी म्हटलं, ‘वहिनी, आजकाल कोणी असं मानत नाही.’ ती म्हणाली, ‘मी मानतो ना.’ आणि पुढे, ‘पोट्टीच्या अंगावर दूध कमी हाये, बाई. डब्याचं दूध पाजून राह्यले लेकराले.’ ते आमचं शेवटचं बोलणं.

तीन-चार दिवसांनी तिनं लाईन धरली. सोबतीला तुळसाबाई यायची होती, पण रोवणीचे दिवस, तिचं शेत राहिलं होतं. भाऊला वहिनी म्हणाली, ‘मी जांभळीले जाऊन राह्यली. थांबलीच तर उद्या येईन.’ भाऊनं स्वतःच्या हातानं गंज तिच्या डोक्यावर ठेवून दिला. लाईननं जाते म्हटल्यावर त्याला काळजीचं काही वाटलंच नाही. दिवस मावळला तरी ती परतली नाही, तेव्हा तो समजला, राहिली लेकीकडे. तिकडे रेखाला आई येणार हे कळवलं होतं, पण पाऊस लागला तेव्हा ती समजली, आई निघालीच नाही. जांभळीत घरात फोनला रेंज सापडायची नाही. एक अख्खा दिवस आणि रात्र दोन्ही घरं आपापल्या जागी निर्धास्त होती. इकडचे म्हणत होते ती तिकडे आहे, तिकडचे म्हणत होते ती इकडे आहे. आणि ती मध्ये होती.

दुसऱ्या दिवशी जावई, वहिनी का आली नाही ते सहज बघावं म्हणून, चिंचटोल्यापर्यंत चालत यायला निघाले, तेही लाईननंच, सोबत दोघं घेऊन. मधल्या थांब्याच्या ओट्यावर त्यांना गंज दिसला. नीट ठेवलेला, फडकं अर्धं सोडलेलं. ओट्याच्या खालच्या नाल्याशी बाकीचं दिसलं. वहिनी मरळीचं पाणी बदलायला लोटा घेऊन खाली उतरली असणार आणि पाणी घ्यायला वाकली असणार. वाकलेल्या माणसावर वाघ येतो म्हणतात, तो त्याला माणूस दिसत नाही म्हणे. उभी राहिली असती तर... गाडी असती तर... हे ‘असती तर’ मी मनात किती वेळा केलं, याचा हिशोब मला लावता येत नाही. गंजातली मरळ जिवंत होती, असं जावई सांगतात. त्यांना काही सुचेना, त्यांनी ती नाल्यात ओतून दिली.

पंचनामा, दवाखाना, सगळं होऊन वहिनीला चिंचटोल्याला आणलं तेव्हा फार वेळ थांबता येण्यासारखं नव्हतं. रेखा ओली बाळंतीण, लेकरू कडेला, रस्त्यानं उलटी फिरून यायला निघाली. नाल्याला पूर होता, जीप दोनदा थांबली. ती पोचली तेव्हा घाटावर राख निवत आली होती. ज्या वाटेनं ती दोन-तीन तासांत आली असती, त्या वाटेवरच तिची आई गेली होती आणि त्या वाटेनं तिला यायला कोणी देणार नव्हतं. रेखा रडली नाही. ती घरभर फिरून भावाला, किसनाला, मला, प्रत्येकाला विचारत होती, ‘मायनं मरळ कायले आणली? मी मांगली होती का?’

जंगलखात्याची माणसं आली, चांगली माणसं होती, त्यांनी कॅमेरे लावले, पत्रकं वाटली. ‘जंगलात एकटे जाऊ नये.’ किसनानं वाचून विचारलं, ‘साहेब, यात लाईनीचं नाव कुठी हाये?’ तो तरुण साहेब म्हणाला, ‘कुठली लाईन? नकाशात इथे सगळं जंगलच आहे.’ मला भांडायचं होतं. मी मास्तरीण, माझ्या तोंडाला कोणी लागत नाही. पण मी ते पत्रक नुसतं घडी करून पिशवीत ठेवलं. त्याच्या नकाशात आमची लाईन जंगल झाली होती आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

तेरवी झाली तरी मी भावाकडेच थांबले. रजा वाढवली. भाऊ जेवायचा, झोपायचा, तळ्यावर जायचा, पण बोलत नव्हता. एक दिवस सकाळी चूल पेटवताना बघितलं तर जर्मनचा गंज जागेवर नव्हता. मी पदर खोचून परसातून भरावाकडे पळाले. भाऊ वर चढला होता, डोक्यावर गंज, हातात काठी, जांभळीच्या दिशेनं चालला होता. मी ओरडले, ‘भाऊ, वापस ये! तुले का झालं?’ तो थांबला, पण वळला नाही. म्हणाला, ‘तिची मरळ पोचली नाई, सुलोचना.’ मी म्हटलं, ‘जीपनं जाऊ. मी धरून बसतो गंज, कोणी झाकण लावते का पाहू.’ तो म्हणाला, ‘तू जा जीपनं.’ आणि चालू लागला. माझे गुडघे दुखतात, मला वाघाची भीती वाटते, मला त्या भावाचा इतका राग आला होता की दगड मारावासा वाटला... आणि मी भरावावर चढले आणि त्याच्या मागे चालू लागले. एकट्याला जाऊ कसं देणार?

आम्ही मोठमोठ्यानं बोलत गेलो. म्हणजे मी बोलत गेले. तोंडाला येईल ते. लहानपणच्या गोष्टी, शाळेतले किस्से, पाढेसुद्धा म्हटले. घाणेरीत काही खसफसलं की माझा आवाज चिरायचा आणि मी आणखी जोरात बोलायचे. मधल्या ओट्याशी भाऊ थांबला. गंज उतरवला नाही. डोक्यावरचा गंज दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, खाली नाल्याकडे बघत. मी त्याचं मनगट धरलं आणि ओढलं तेव्हा हलला. जांभळीची कौलं दिसली तेव्हा मी तिथेच खाली बसून रडले.

रेखा अंगणात लेकराला तेल लावत होती. तिनं आम्हाला बघितलं. मग आमच्या मागे बघितलं, आम्ही कोणत्या बाजूनं आलो ते. तिचा चेहरा असा झाला की मी तो विसरणार नाही. लेकरू सासूच्या हाती देऊन ती उठली आणि बापाच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला लागली. ‘लाईननं आले? तुमीबी लाईननं आले? आत्या, तूबी?’ भाऊ मार खात होता. मग तो वाकला आणि गंज उंबऱ्याच्या आत ठेवला. मरळ जिवंत होती. सासूनं चूल पेटवली. दुपारी रेखानं ताट घेतलं, बापासमोर बसली आणि ती मरळ काट्यासकट चोखून संपवली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी घास थांबवला नाही. हात धुतले आणि शांतपणे म्हणाली, ‘खाल्ली मी. झालं मायचं. आता आजपासून मले माहेर नाई.’ भाऊनं मान वर केली. ‘असं नोको म्हणू, पोरी.’ ती म्हणाली, ‘माहेर असन तर तुमी येसान. नसन तर कायले येसान? दिवाळीले नाई, राखीले नाई, लेकराच्या जावळाले नाई. कोणी मेलं तरी नाई. मी तुमच्यासाठी मेली समजा, बाबा. पण तुमी जित्ते राहा.’ मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, रस्त्यानं येऊ म्हणायला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प बसले. रस्त्यानं येईन म्हणून निघालेला माणूस एक दिवस लाईन धरतो, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

आम्ही रस्त्यानं परत आलो, रात्र झाली पोचायला. मी राजुऱ्याला निघून आले. वहिनी गेल्याचं दुःख मला पेलता येतं आहे, माणसं जातात. पण तिनं जे मिळवायचा आयुष्यभर आटापिटा केला, लेकीचं माहेर जवळ असावं एवढंच, ते तिच्या मरणामुळे तिच्याच लेकीनं आपल्या हातानं बंद केलं, हे मला सोसवत नाही.

भाऊ आता तळ्यावरून लवकर घरी येतो. रेखाचा रोज फोन येतो. जांभळीत रेंज फक्त एकाच जागी मिळते, जुन्या स्टेशनच्या ओट्यावर, म्हणून ती लेकराला काखेत घेऊन तिथे चढते. मी गेल्या आठवड्यात चिंचटोल्याला होते, फोन मीच उचलला. ती कशी आहे, नात कशी आहे, मी विचारत राहिले. तिनं कशाचंच उत्तर दिलं नाही. तिला एकच विचारायचं होतं. ‘आत्या, बाबा घरी हाये ना?’ मी फोन भावाच्या कानाला लावला. तो म्हणाला, ‘हावो, घरीच हाये.’ पलीकडे लेकरू रडत होतं. मग रेखानं फोन ठेवला.